रंगाचा पहिला हात : अंदाज की माप?

वाहनाचा रंग चांगला की वाईट हे ठरविताना सामान्य मनुष्य त्याच्या झळाळीकडे पाहतो. गाडी रंगवून परत मिळाली, तिच्या पत्र्यात स्वतःचा चेहरा दिसला, की त्याचे समाधान होते आणि तो पैसे चुकते करतो. परंतु ही झळाळी ज्या थरांवर उभी असते ते थर त्याला दिसत नाहीत. ते कशाचे दिले, कोणत्या प्रमाणात मिसळून दिले, हे तो विचारीत नाही; आणि कोणी विचारीत नसल्यामुळे रंगाऱ्यालाही ते सांगण्याचे कारण पडत नाही. पुढे एक-दोन पावसाळे गेल्यावर दरवाजाच्या खालच्या कडेशी रंगाला फोड येतात, नखाने टोचताच पापुद्रा निघतो आणि त्याखाली तांबडी भुकटी दिसू लागते. त्या वेळी दोष रंगाच्या डब्याला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा पहिल्या हाताचा असतो.

ह्या पहिल्या हाताला कारागीर प्रायमर म्हणतात; आणि प्रायमर व शेवटचा रंग ह्यांच्यामध्ये जो पातळ, खालचा पृष्ठभाग बंद करणारा लेप देतात त्याला सीलर म्हणतात. ह्या दोहोंची निवड व मिसळणी हे आज रसायनशास्त्राचे काम झालेले आहे. असे असूनही अनेक लहान गॅरेजांत ते अद्याप नजरेच्या अंदाजाने चालते. हा अंदाज एके काळी पुरेसा होता. आता तो पुरेसा राहिलेला नाही. आणि त्याची किंमत पत्रा, गिऱ्हाईक व रंगारी हे तिघेही देत आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पत्र्यावर काय घडते

लोखंड गंजते म्हणजे ते पाणी व प्राणवायू ह्यांच्या योगाने पुन्हा आपल्या मूळ खनिजासारख्या स्वरूपाकडे परतू लागते. ही क्रिया विद्युत्-रासायनिक आहे. उघड्या पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की त्याच्याखाली एक चिमुकला विद्युत्-घट तयार होतो. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. दुसऱ्या ठिकाणी ते इलेक्ट्रॉन प्राणवायू स्वीकारतो. पाण्यात मीठ असेल तर हा व्यवहार अधिक वेगाने चालतो. म्हणूनच रत्नागिरी, चेन्नई किंवा विशाखापट्टणम् येथील गाडी जयपूरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो रंगाखाली वाढू लागला की वरचा थर उचलला जातो, तेथे नवे पाणी शिरते आणि गंज आणखी पसरतो.

रंगाचा कोणताही थर काचेसारखा अभेद्य नसतो. पाण्याची वाफ व प्राणवायू त्यातून मंद गतीने का होईना, आत जातात. तेव्हा केवळ झाकणे हे प्रायमरचे काम नव्हे. त्याने धातूला इतके घट्ट धरावयाचे असते की आत आलेल्या पाण्याला पत्रा व लेप ह्यांच्यामध्ये पसरण्यास वाव मिळू नये. काही प्रायमरांत याहून अधिक गुण असतो. त्यांतील रंगद्रव्य ओलाव्यात किंचित् विरघळते आणि पत्र्यावर संरक्षक पडदा तयार करते. दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण ह्या संदर्भात आठवण्यासारखे आहे. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असलेला हा स्तंभ फारसा गंजला नाही. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसच्या आधिक्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम् ह्यांनी इसवी सन २०००च्या सुमारास केलेल्या अभ्यासातून दाखविले. आजच्या मोटार कारखान्यांत हेच तत्त्व हेतुपूर्वक वापरतात. गाडीचा सांगाडा प्रथम झिंक फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग रंगाच्या मोठ्या हौदात बुडवून विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने त्याच्या सांदीकोपऱ्यांपर्यंत प्रायमर बसवितात.

अपघातानंतर गाडी गॅरेजात येते तेव्हा तेथे असा हौद नसतो. पत्रा ठोकून सरळ करताना व घासताना कारखान्याने दिलेले ते थर निघून जातात. हौदाने केलेले काम आता एका मनुष्याला एका डब्याच्या व एका स्प्रे गनच्या जोरावर पुन्हा करावयाचे असते. म्हणून त्याच्या निवडीला व मापाला इतके महत्त्व आहे.

निवड पृष्ठभागावरून करावी

कोणता प्रायमर चांगला, असा प्रश्न दुकानात वारंवार विचारला जातो. हा प्रश्नच अपुरा आहे. प्रायमर कशावर द्यावयाचा आणि त्यावर पुढे काय यावयाचे, हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

उघड्या, स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर उत्तम धरतो व पाण्याला चांगला अडथळा करतो. परंतु सूर्यप्रकाशात त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते, म्हणून तो उघडा ठेवून चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर साधा तेलाचा किंवा अल्किडचा प्रायमर दिला तर आरंभी तो छान बसल्यासारखा दिसतो. पुढे जस्ताची संयुगे व तेलातील स्निग्ध आम्ले ह्यांचा संयोग होऊन मध्ये एक प्रकारचा साबण तयार होतो आणि रंग चादरीसारखा सुटून येतो. बसगाड्यांच्या बाजूंना पुष्कळदा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. त्यावर शेंदराचा प्रायमर देणे म्हणजे रोग विकत घेणेच होय. कारण शिशाची संयुगे ॲल्युमिनियमच्या झिजण्याला मदत करतात. अशा गुळगुळीत धातूंसाठी वॉश प्रायमर म्हणून ओळखला जाणारा, फॉस्फरिक आम्ल असलेला अत्यंत पातळ लेप वापरतात. त्याची जाडी सुमारे १० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढीच असावी लागते. जाड दिल्याने त्याचा गुण वाढत नाही, उलट तो ठिसूळ होतो. ह्याच वॉश प्रायमरवर थेट पॉलिएस्टर पुट्टी भरली तर आम्लामुळे पुट्टीचे घट्ट होणे बिघडू शकते. त्याचप्रमाणे अनेक उत्पादक आम्लयुक्त लेपावर इपॉक्सी देण्यास मनाई करतात. प्लॅस्टिकच्या बंपरची गोष्ट आणखी वेगळी. पॉलिप्रोपिलीनला कोणताच रंग सहजासहजी चिकटत नाही. त्यासाठी आसंजन वाढविणारा खास लेप अगोदर द्यावा लागतो.

सर्वांत अधिक गैरसमज सरफेसरविषयी आढळतो. पत्र्यावरील बारीक ओरखडे भरून काढण्यासाठी वापरण्यात येणारा हा करडा किंवा पिवळसर लेप शंखजिऱ्यासारख्या भुकट्यांनी भरलेला असतो. म्हणूनच तो पॉलिशपेपरने सहज घासला जातो, आणि म्हणूनच तो पाणीही शोषतो. पैशांची सोय होईपर्यंत सरफेसर मारलेली गाडी पावसात उभी ठेवणारे मालक ती सुरक्षित आहे असे समजतात. वस्तुतः ओला राहिलेला तो लेप पत्र्याला दिलेल्या भिजलेल्या फडक्यासारखा असतो. रेड ऑक्साइडच्या तांबड्या रंगाविषयीही असाच भ्रम आहे. तो तांबडेपणा लोखंडाच्याच ऑक्साइडचा होय. त्याने गंज थांबत नाही. संरक्षण मिळते ते त्यातील बंधकामुळे व सोबत घातलेल्या दुसऱ्या रंगद्रव्यामुळे. ते रंगद्रव्य पुरेसे आहे की नाही हे रंगाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी डब्यावरील मजकूर वाचावा लागतो.

सीलरचे काम आणि त्याचा गैरवापर

गाडीचा सगळाच रंग काढावयाचा नसतो तेव्हा एका बाजूस जुना रंग, दुसरीकडे पुट्टी, तिसरीकडे नवा प्रायमर असे ठिगळांचे पृष्ठ तयार होते. हे निरनिराळे पृष्ठभाग वरचा रंग निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, आणि वाळल्यावर ठिगळांचा नकाशा वर उमटतो. जुना रंग साध्या लॅकरचा असेल तर नव्या रंगातील द्रावक त्याला फुगवून सुरकुत्या पाडू शकतो. काही जुने लाल रंग वरच्या पांढऱ्या रंगात उतरून त्याला गुलाबी करतात. हे सर्व टाळण्यासाठी सीलरचा एकसारखा पातळ थर देतात आणि तो नीट सुकताच, न घासता, त्यावर रंग देतात. पिवळ्या किंवा लाल रंगांची झाकण्याची शक्ती कमी असल्यामुळे योग्य छटेचा सीलर खाली असल्यास वरचा रंगही कमी लागतो.

सीलर उपयुक्त आहे, पण तो उपचार नव्हे. गंज नीट न काढता त्यावर सीलर मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. सुटू लागलेला जुना रंग सीलरने पत्र्याला पुन्हा चिकटत नाही. सीलर फक्त त्या सुटणाऱ्या रंगाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर निघून येतो. गाडी ताब्यात मिळण्याच्या दिवशी हा फरक दिसत नाही, म्हणून येथे कारागिराच्या सचोटीवाचून दुसरी कसोटी नाही.

अंदाज कोठून आला

नजरेने रंग मिसळणाऱ्या कारागिराला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या अंदाजामागे एक संपूर्ण युग उभे आहे. घोडागाड्यांच्या काळात आणि मोटारींच्या आरंभीच्या दिवसांत तेलाचे रंग व रोगण ह्यांचे हात एकावर एक देत, आणि एक गाडी रंगवून होण्यास काही आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेत ओकलंड मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा जलद वाळणारा रंग वापरात आला आणि तो काळ कितीतरी पटीने कमी झाला. ह्या दोन्ही प्रकारांत, रासायनिक दृष्ट्या कितीही भेद असला तरी, एक गोष्ट समान होती. डब्यात जे होते ते पूर्ण होते. कारागिराने त्यात घालावयाचे ते केवळ थिनर, आणि थिनर उडून जाणार. थोडे अधिक पडले तर रंग ओघळेल. थोडे कमी पडले तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसेल. चूक डोळ्यांना लगेच दिसे आणि पुढच्या हातात सुधारताही येई. जेथे चूक दिसते व सुधारते, तेथे हाताला वळण लागते. कांडी वर उचलून रंगाची धार पाहणाऱ्या मिस्त्रीची नजर अशी घडली, आणि तिचा गौरवच केला पाहिजे.

परंतु १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधून काढले, आणि त्याच सुमारास इपॉक्सी राळांचाही शोध लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या दोन्ही वर्गांतील, दोन डब्यांत मिळणारे लेप वाहनांच्या दुरुस्तीत रूढ झाले. एका डब्यात मूळ लेप आणि दुसऱ्यात हार्डनर. हार्डनर हा थिनर नव्हे. तो उडून जात नाही. तो लेपाचाच अर्धा देह आहे. मूळ लेपातील ठरावीक गट हार्डनरमधील ठरावीक गटांशी जोडले जातात व त्यांचे एक अखंड जाळे विणले जाते. एका बाजूचे गट कमी पडले तर दुसऱ्या बाजूचे गट मोकळे राहतात, आणि जाळ्यात कायमची भोके राहतात.

येथे झालेली चूक डोळ्यांना दिसत नाही. कमी हार्डनरचा प्रायमर वरून वाळल्यासारखा वाटतो, पण आतून मऊ राहतो, आणि वरच्या रंगाच्या द्रावकाने फुगतो. हार्डनर जास्त घातला की काम लवकर उरकते, अशी एक समजूत आहे; ती चुकीची आहे. इपॉक्सीत जादा पडलेला अमाइन हार्डनर तसाच राहून पृष्ठभागावर चिकट, पाणी ओढणारा पडदा आणतो. पॉलियुरेथेनमध्ये जादा हार्डनर हवेतील ओलाव्याशी संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, आणि लेपात बारीक बुडबुडे राहू शकतात. ह्या चुकीचे फळ काही महिन्यांनी दिसते. तोवर कारागीर शेकडो गाड्या तशाच रीतीने रंगवून चुकलेला असतो. ज्या चुकीची शिक्षा इतक्या उशिरा मिळते, त्या चुकीपासून नजर काहीच शिकू शकत नाही. अंदाजाविरुद्ध मुख्य युक्तिवाद हाच आहे. अंदाज करणारा हात वाईट झाला नाही. त्याला शिकविणारी खूण नाहीशी झाली.

मापाचे नियम

मापाचे काम कठीण नाही. समजा, डब्यावर ४:१:१ असे प्रमाण दिले आहे. ह्याचा अर्थ चार भाग मूळ लेप, एक भाग हार्डनर आणि एक भाग थिनर. ६०० मिलिलिटर मिश्रण हवे असल्यास ४००, १०० आणि १०० मिलिलिटर घ्यावयाचे. सरळ बाजूंचे, खुणा केलेले भांडे असले म्हणजे झाले. वर रुंद व खाली अरुंद अशा वाटीत पट्टी बुडवून केलेले माप खोटे ठरते.

प्रमाण आकारमानाचे की वजनाचे, हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. प्रायमरमध्ये जड रंगद्रव्ये असतात, हार्डनर हलका असतो. समजा, प्रायमरचा एक लिटर दीड किलोग्रॅम भरतो व हार्डनरचा एक किलोग्रॅम. आकारमानाने ४:१ हे प्रमाण वजनाने ६:१ होते. आकारमानाचे ४:१ वाचून कोणी तराजू वापरला, तर तो हार्डनर आवश्यकतेच्या दीडपट घालील. तराजू अचूक असूनही मिश्रण चुकेल.

मापण्यापूर्वी मूळ लेपाचा डबा तळापासून ढवळला पाहिजे. गंजरोधक रंगद्रव्य जड असल्यामुळे तळाशी बसते. वरवरचा पातळ भाग ओतून घेतला तर पहिल्या गाडीला पुरेसे संरक्षण मिळत नाही आणि शेवटच्या गाडीला नुसता चिखल मिळतो. एका कंपनीचा हार्डनर दुसरीच्या प्रायमरमध्ये घालू नये. कारण दोन्हींचे नाव एक असले तरी त्यांतील क्रियाशील गटांचे प्रमाण एक नसते. काही इपॉक्सी लेप मिसळल्यावर पंधरा ते तीस मिनिटे तसेच ठेवावे लागतात, काहींना ह्याची गरज नसते. हेही डब्यावरच्या मजकुरावरूनच ठरवावे.

मिसळलेला लेप किती काळ वापरता येतो हे उत्पादक बहुधा २० ते २५ अंश सेल्सिअस तपमान धरून सांगतात. तपमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. ह्या स्थूल नियमाने २५ अंशांस चार तास टिकणारे मिश्रण ३५ अंशांस दोन तास आणि विदर्भ वा राजस्थानातील ४५ अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, जेमतेम एक तास टिकेल. ते दाटू लागले की त्यात थिनर ओतून पुन्हा पातळ करण्याची सवय सर्वत्र आढळते. थिनरने दाटपणा कमी होतो, पण विणले गेलेले जाळे उकलत नाही. असा लेप पत्र्याला धरण्याची शक्ती गमावून बसलेला असतो. म्हणून तासाभरात संपेल एवढेच मिसळावे.

पावसाळ्यातील शत्रू दव हा होय. पत्र्याचे तपमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे, असा सर्वमान्य नियम आहे. हवेचे तपमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. रात्रभर थंड झालेला पत्रा सकाळी २८ अंशांवर असला, तर तो हाताला कोरडा लागला तरी काम थांबविले पाहिजे. कोकणात, केरळात व बंगालमध्ये वर्षातील कित्येक महिने ही स्थिती असते. तेथे एक साधा तापमापक व आर्द्रतामापक हे स्प्रे गनइतकेच आवश्यक साधन होय.

रंगाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब

येथवर पत्र्याचा विचार झाला. माणसाचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. पॉलियुरेथेन हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची द्रव्ये असतात. १९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातून बाहेर पडलेला वायू ह्याच वर्गातील, मिथिल आयसोसायनेट, होता. दोहोंत मोठा भेद आहे हेही सांगितले पाहिजे. मिथिल आयसोसायनेट सुमारे ३९ अंशांवर उकळते. हार्डनरमधील द्रव्ये जड असतात व सहजी उडत नाहीत. डबा उघडल्याने भोपाळ होत नाही. परंतु स्प्रे गन नेमके तेच करते जे ते द्रव्य स्वतः करीत नाही : ती त्याचे सूक्ष्म तुषार करून हवेत सोडते, आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटांची गणना होते. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प अंशानेही दम्याचा झटका येतो, आणि त्या कारागिराला आपला धंदाच सोडावा लागतो.

तोंडाला रुमाल बांधल्याने ह्यापासून रक्षण होत नाही. द्रव्याचा वास येऊ लागण्यापूर्वीच ते घातक प्रमाणात हवेत असू शकते, म्हणून वासावर विसंबूनही चालत नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून बाहेर सोडणारी बंद खोली हाच ह्यावरील खरा उपाय होय. युरोपीय संघाने २०२० मध्ये केलेल्या नियमानुसार, २४ ऑगस्ट २०२३ पासून, एक-दशांश टक्क्याहून अधिक डायआयसोसायनेट असलेली द्रव्ये धंद्यात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. हे द्रव्य हाताळण्यापूर्वी त्याचे ज्ञान असले पाहिजे, हे तत्त्व भारतातील रंगाऱ्यालाही तितकेच लागू आहे. त्याची फुप्फुसे काही निराळ्या घडणीची नाहीत.

दुसरा धोका जुन्या रंगाच्या धुळीत आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड आणि झिंक क्रोमेट ही गंजरोधक म्हणून दीर्घकाळ नावाजलेली द्रव्ये होत. परंतु शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते, आणि क्रोमेटातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरले आहे. जुनी गाडी कोरडी घासणारा कारागीर ती धूळ कपड्यांवर घेऊन घरी जातो, आणि तेथे त्याची मुले ती श्वासात घेतात. २०१६ मध्ये अधिसूचित होऊन २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आलेल्या भारत सरकारच्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांस ९० भाग एवढीच शिशाची मर्यादा घातली. हे योग्यच झाले. परंतु वाहनांचे व उद्योगांचे रंग त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. घराच्या भिंतीवरील शिसे विषारी आणि घरासमोरील गाडीवरील शिसे निरुपद्रवी, असा भेद शरीर करीत नाही. झिंक फॉस्फेटासारखे पर्याय उपलब्ध असता ही मर्यादा वाहनांच्या प्रायमरलाही लागू करणे उचित होईल.

आक्षेप आणि उत्तर

ह्यावर असे म्हटले जाईल की लहान गॅरेजाला हे सर्व परवडणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. खुणांचे भांडे, लहान तराजू, तापमापक व ओल्याने घासण्याचा पॉलिशपेपर ह्यांचा खर्च एका बिघडलेल्या दरवाजाच्या पुनर्कामापेक्षा कमी आहे. त्या बाबतीत परवडत नाही हे उत्तर खरे नव्हे. हवा पुरविणारा मुखवटा व बंद खोली मात्र खरोखर खर्चाची आहेत. जेथे ती शक्य नाहीत तेथे आयसोसायनेटचा लेप फवारू नये, हाच प्रामाणिक मार्ग होय. लहान दुरुस्तीस एकाच डब्यात मिळणारा झिंक फॉस्फेटचा प्रायमर वापरता येतो, किंवा इपॉक्सी प्रायमर हातमोजे घालून लहान रोलरने लावता येतो. त्यामुळे हवेत तुषार उडत नाहीत. पृष्ठ थोडे खडबडीत येते ते घासून सारखे करता येते. वेळ अधिक लागेल, आणि तो वेळ गिऱ्हाइकाने मोबदल्यात मोजला पाहिजे.

ज्ञान देशात नाही असे नव्हे. तमिळनाडूतील कराईकुडी येथे १९५३ पासून कार्य करीत असलेली केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था गंजाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे सर्व राज्यांत पसरले आहे. उणीव आहे ती शेवटच्या टप्प्याची. प्रमाण, तपमान, मिश्रणाचे आयुष्य व धोक्याची सूचना हा डब्यावरील मजकूर बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत छापलेला असतो. ज्याच्या हातात तो डबा असतो त्याला तो वाचता येत नसेल, तर मापाऐवजी अंदाज वापरल्याचा दोष त्याच्या एकट्यावर टाकता येणार नाही. हा मजकूर त्या त्या प्रांताच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत व भांड्याच्या चित्रासह छापणे हे उत्पादकांचे कर्तव्य मानले पाहिजे.

गिऱ्हाइकाकडेही थोडा भाग येतो. गाडी रंगवावयास देताना त्याने छटेबरोबर प्रायमर कोणता, तो कशावर द्यावयाचा आणि रंगारी काय घालून काम करणार, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि बिलात पहिल्या हाताची रक्कम वेगळी लिहून मागावी. जे विचारले जाते ते नीट होऊ लागते, हा सर्वच धंद्यांतील अनुभव आहे. झळाळी साबणाच्या पाण्यानेही काही काळ आणता येते. पत्रा टिकतो तो मापून दिलेल्या पहिल्या हातामुळे, आणि तो हात देणारा मनुष्य धडधाकट राहिला तरच पुढची गाडीही तशीच रंगविली जाईल.